राई आणि पर्वत

राईचा पर्वत करणे, पराचा कावळा करणे, तिखटमीठ लावून सांगणे, फुगवून सांगणे, बाता मारणे. एखादी गोष्ट असते त्याहून मोठी करून सांगण्याच्या सवयीला आपल्या मराठीत अशी बरीच नावे आहेत. ज्या गोष्टीला इतकी नावे पडतात ती घरोघरी असणार, असे समजायला हरकत नाही. धर्मग्रामाच्या सणाला मंडप भरलेला असतो. घरी येईपर्यंत तिथे ‘पाय ठेवायला जागा नव्हती’ असे होते आणि आठवडाभराने ‘दहा हजार माणूस होता’ असे होते. डॉक्टरांनी कुणाला चार दिवस विश्रांती सांगितलेली असते. बातमी शेजारच्या आळीत पोहोचते तेव्हा डॉक्टरांनी ‘आशा सोडलेली’ असते. कुणाचा मुलगा परदेशी नोकरीला लागला की त्याचा पगार तोंडागणिक वाढत जातो. पगार देणाऱ्या कंपनीला मात्र त्याचा पत्ता नसतो.

यात कुणाचे काय बिघडले, असे आपण म्हणतो. चोरी नाही, मारामारी नाही, कुणाची फसवणूकही नाही. गोष्ट रंगवून सांगितली, चार माणसे हसली, वेळ बरा गेला. पापनिवेदनाला गुडघे टेकताना ‘खोटे बोललो’ असे आपण सांगतो. ‘वाढवून बोललो’ असे सांगणारा क्वचितच भेटत असेल. जणू खोटे बोलणे ही एक गोष्ट आणि वाढवून बोलणे ही दुसरीच! प्रिय बंधुभगिनींनो, या दोन गोष्टी खरोखरच वेगळ्या आहेत का, आणि असल्या तर कुठपर्यंत, याचा विचार आज आपण करू या.

दोन उंट

प्रथम एक शंका दूर केली पाहिजे. मोठे करून सांगितलेले प्रत्येक वाक्य खोटे नसते. शाळेत आपण अतिशयोक्ती अलंकार शिकलो. दमडीच्या तेलात सगळ्या घराची न्हाणी-माखणी उरकली, तरी तेल उरले, सांडले आणि त्याच्या ओघळात उंट वाहून गेला, हे त्याचे उदाहरण पिढ्यान्पिढ्या पाठ केले गेले. ते ऐकून उंटाचा शोध घ्यायला कुणी बाहेर पडले नाही. सांगणाऱ्यालाही ठाऊक असते आणि ऐकणाऱ्यालाही ठाऊक असते की उंट वाहून गेलेला नाही.

शुभवर्तमानातही एक उंट आहे. श्रीमंत माणसाने स्वर्गराज्यात जाण्यापेक्षा उंटाने सुईच्या नेढ्यातून जाणे सोपे, असे प्रभू येशू सांगतो. भावाच्या डोळ्यातले कुसळ काढायला निघालेल्या माणसाला तो त्याच्याच डोळ्यातले मुसळ दाखवतो. शास्त्री-परूशांना तो म्हणतो की, तुम्ही चिलट गाळून काढता आणि उंट गिळून टाकता. प्रभू येशूच्या शिकवणुकीत अतिशयोक्ती जागोजागी आढळते. ती काढून टाकली तर शुभवर्तमान बेचव होईल.

मग फरक कुठे आहे? संत ऑगस्टिन यांनी असत्य या विषयावर दोन ग्रंथ लिहिले. जे मनात नाही ते दुसऱ्याला फसवण्याच्या इच्छेने बोलणे म्हणजे असत्य, असा त्यांच्या विचाराचा गाभा आहे. आलंकारिक बोलणे त्यांनी असत्यात धरले नाही. तेव्हा पहिली कसोटी साधी आहे. वाढवलेले आहे हे ऐकणाऱ्याला ठाऊक आहे का? सुईच्या नेढ्यातल्या उंटाबद्दल कुणाची फसगत होत नाही. ‘दहा हजार माणूस होता’ हे मात्र ऐकणारा खरे धरून चालतो आणि पुढच्याला सांगतो.

दुसरी कसोटी अधिक खोल आहे. प्रभूची अतिशयोक्ती ऐकली की ऐकणारा स्वतःकडे पाहू लागतो. मुसळ माझ्या डोळ्यात आहे का, असे त्याला विचारावेसे वाटते. आपली अतिशयोक्ती ऐकली की ऐकणारा आपल्याकडे पाहू लागतो, आणि बहुधा त्यासाठीच ती केलेली असते.

पहिली भर

बायबलमधली पहिली अतिशयोक्ती कुणाची, हे पाहिले म्हणजे या सवयीचे मूळ सापडते. उत्पत्तीच्या पुस्तकात देव माणसाला बागेतल्या सर्व झाडांची फळे खायला मोकळीक देतो आणि एकाच झाडाची मनाई करतो. साप स्त्रीला काय विचारतो? बागेतल्या कोणत्याच झाडाचे फळ खायचे नाही, असे देवाने खरेच सांगितले आहे काय? एका झाडाची मनाई सापाने सर्व झाडांवर नेऊन ठेवली. स्त्री त्याला दुरुस्त करते, पण दुरुस्त करता करता स्वतःही भर घालते. त्या झाडाला शिवायचेही नाही, असे ती सांगते. आज्ञेत शिवण्याचा उल्लेख नाही.

भर किती लहान आहे पाहा. एक शब्द सापाचा, एक शब्द स्त्रीचा. पण तेवढ्याने देवाचे चित्र बदलून गेले. सगळी बाग हाती देणारा देव आता सगळे हिरावून घेणारा, हात लावला तरी रागावणारा वाटू लागला. उदार देवाची आज्ञा मोडताना माणूस दहादा विचार करील. कंजूष देवाची आज्ञा मोडायला त्याला फारसा वेळ लागत नाही. फळ तोडण्यापूर्वी सत्य ताणले गेले होते.

भीतीची भर, कौतुकाची भर

गणनेच्या पुस्तकात बारा हेरांची हकिगत येते. मोशे त्यांना कनान देश पाहायला धाडतो. चाळीस दिवस ते देश पाहतात आणि द्राक्षांचा एक घोस दोघांनी दांड्यावर घालून आणतात. त्यांचा पहिला अहवाल खरा आहे. देश सुपीक आहे, लोक बलवान आहेत, नगरे तटबंदीची आहेत. कालेब म्हणतो, आपण जाऊ या, आपल्याला ते जमेल. मग बाकीचे घाबरतात आणि अहवाल बदलतो. हा देश आपल्याच रहिवाशांना खाऊन टाकतो, तिथला प्रत्येक माणूस धिप्पाड आहे, त्यांच्यापुढे आम्ही टोळांसारखे होतो आणि त्यांनाही आम्ही तसेच दिसलो, असे ते सांगतात. जो देश माणसांना खाऊन टाकतो त्याच देशात माणसे इतकी धिप्पाड कशी झाली, हे कुणी विचारले नाही. आपण त्यांना टोळांसारखे दिसलो हे हेरांना कुणी सांगितले, हेही कुणी विचारले नाही. लोक रात्रभर रडले आणि मिसर देशात परत जाण्याची भाषा बोलू लागले. चाळीस दिवसांच्या त्या पाहणीपायी चाळीस वर्षे रानात काढावी लागली. कालेब आणि यहोशवा सोडले तर त्या पिढीतल्या मोठ्या माणसांपैकी कुणीही वचनदत्त देशात पाऊल टाकू शकले नाही.

हेरांनी सगळेच खोटे सांगितले असते तर कदाचित पकडले गेले असते. द्राक्षे खरी होती, तटबंदी खरी होती, म्हणून भरही खरी वाटली. अतिशयोक्तीचे बळ हेच असते. ती सत्याचा हात धरून घरात शिरते.

भीतीप्रमाणे कौतुकही वाढवून सांगितले जाते. दावीदाने गल्याथाला मारले आणि सैन्य परत येऊ लागले, तेव्हा गावोगावच्या स्त्रिया गात-नाचत बाहेर आल्या. शौलाने हजारो मारले आणि दावीदाने दहा हजारो, असे त्यांचे गाणे होते. आनंदाच्या भरात कुणी मोजमाप घेऊन गात नाही, आणि त्या बायकांच्या मनात काही वाईट होते असेही नाही. पण राजा शौलाने तो हिशेब खरा मानला. त्या दिवसापासून तो दावीदाकडे डूख धरून पाहू लागला, आणि दुसऱ्याच दिवशी त्याने भाला फेकला.

आपल्याकडेही रौप्यमहोत्सव होतात, निरोपसमारंभ होतात, स्मरणिका निघतात, अंत्यविधीला चार शब्द बोलले जातात. ‘असा माणूस पूर्वी झाला नाही आणि पुढे होणार नाही’ असे आपण व्यासपीठावरून सहज म्हणतो. समोर त्याच माणसाच्या आधी त्याच जागी राबलेली माणसे बसलेली असतात, याचा आपल्याला विसर पडतो. एकाला उंच करण्यासाठी आपण न बोलता दहा जणांना खाली बसवतो. मृत व्यक्तीला आपण शब्दांनी संत करून टाकतो आणि मग तिच्या आत्म्यासाठी प्रार्थना करायची राहून जाते. १९९२ साली पोप जॉन पॉल दुसरे यांनी प्रसिद्ध केलेल्या कॅटेकिझममध्ये आठव्या आज्ञेखाली खोट्या साक्षीबरोबरच खुशामत आणि बढाई यांचीही गणना सत्याविरुद्धच्या अपराधांत केली आहे. ती काही उगाच नव्हे.

वाटेत वाढणारी बातमी

पुढे दावीदाच्या घरात एक भयंकर गोष्ट घडली. अबशालोमाने आपला सावत्र भाऊ अम्नोन याला मेजवानीत मारवले. बाकीचे राजपुत्र खेचरांवर बसून पळाले. ते घरी पोहोचण्याआधीच बातमी पोहोचली, आणि बातमी अशी होती की अबशालोमाने सगळ्या राजपुत्रांना मारले, एकही उरला नाही. दावीदाने वस्त्रे फाडली आणि तो जमिनीवर पडून राहिला. मग योनादाब नावाच्या नातलगाने सांगितले की सगळे नाही, एकटा अम्नोन मेला आहे. एका मुलाचा मृत्यू हे बापाला कमी दुःख होते का? पण बातमी आणणाऱ्याला ते पुरेसे वाटले नाही.

आज बातमीला खेचर लागत नाही. खिशातल्या मोबाईलवर ती क्षणात शंभर घरांत पोहोचते. २६ जुलै २००५ रोजी मुंबईवर आभाळ फाटले. सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. संकट जेवढे होते तेवढेच पुष्कळ होते. पण २८ जुलैला धरण फुटले, त्सुनामी आली, अशी आवई उठली. आदल्या डिसेंबरातली त्सुनामी सर्वांच्या मनात ताजी होती, म्हणून ती आवई लगेच खरी वाटली. नेहरूनगरच्या वस्तीत लोक जिवाच्या आकांताने धावले आणि चेंगराचेंगरीत कित्येकांचे प्राण गेले, त्यांत लहान मुलेही होती. पुरातून वाचलेली माणसे शब्दांनी मारली गेली.

१ जुलै २०१८ हा रविवार होता. धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात राईनपाडा गावचा आठवडी बाजार भरला होता. मुले पळवणाऱ्या टोळ्या फिरत आहेत, असे संदेश त्या काळात मोबाईलवरून फिरत होते. भिक्षा मागून पोट भरणारे भटक्या समाजाचे पाच जण त्या बाजारात आले होते. जमावाने त्यांना मुले पळवणारे ठरवले आणि पाचही जणांना ठार मारले. संदेश पुढे पाठवणाऱ्यांपैकी कुणाच्याही हातात दगड नव्हता. ‘सावध केलेले बरे’ एवढाच त्यांचा विचार असेल. पण संशयाची राई ज्या ज्या हातातून गेली त्या त्या हातात थोडी मोठी होत गेली, आणि शेवटी पर्वत पाच निरपराध माणसांवर कोसळला. आठवी आज्ञा शेजाऱ्याविरुद्ध खोटी साक्ष देण्याची मनाई करते. पुढे पाठवलेला संदेश हीसुद्धा साक्षच आहे, हे आपल्याला ओळखता आले पाहिजे.

‘नेहमी’ आणि ‘कधीच’

एवढे दूर जायचीही गरज नाही. आपल्या घरातली भांडणे कोणत्या शब्दांवर पेटतात ते पाहू. ‘तुम्ही माझं कधीच ऐकत नाही.’ ‘तू नेहमीच असं करतेस.’ ‘बाबा, तुम्हाला माझं काहीच पटत नाही.’ ‘सूनबाईला या घरातलं काहीही आवडत नाही.’ कधीच, नेहमीच, काहीच, काहीही. शब्द लहान, पण त्यांच्या पोटात अख्खे आयुष्य जाते. काल संध्याकाळी नवऱ्याने एक गोष्ट ऐकली नाही, हे खरे असते. ते तेवढेच सांगितले तर तो कदाचित मान खाली घालील. ‘कधीच’ म्हटले की त्याला लगेच ऐकलेल्या वीस गोष्टी आठवतात आणि तो त्या मोजू लागतो. तक्रार खरी होती, पण ती वाढवल्यामुळे तिच्यातला खरा भागही वाया गेला. ज्याचे चुकले त्याला सुटायला वाट मिळाली आणि जिचे दुखले तिचे दुखणे तसेच राहिले.

मुलाला आपण ‘तू काही कामाचा नाहीस’ म्हणतो. आपल्या मनात असते की त्याने आज अभ्यास केला नाही. पण मूल अलंकार ओळखत नाही. बापाच्या तोंडचा शब्द ते जसाच्या तसा घेते आणि कधीकधी आयुष्यभर जपून ठेवते. आपल्या लेखी तो रागाचा एक क्षण असतो, त्याच्या लेखी निकाल असतो.

मग आपण असे का बोलतो? याचे उत्तर कदाचित असे आहे की आपले साधे बोलणे कुणी ऐकेल यावर आपला विश्वास उरलेला नसतो. ‘मला वाईट वाटले’ हे पुरेसे नाही, म्हणून ‘तुम्ही मला जगू देत नाही’ असे म्हणावे लागते. मुलाला साधी नोकरी लागली हे पुरेसे नाही, म्हणून त्याला साहेब करावे लागते. अतिशयोक्तीच्या मुळाशी पुष्कळदा गर्वापेक्षा भीती असते. आहे तेवढ्याने भागणार नाही, आहे तेवढ्यासाठी कुणी आपल्यावर प्रेम करणार नाही, ही ती भीती. म्हणून वाढवून बोलणाऱ्याची नुसती टिंगल करणे बरे नव्हे. ज्या घरात साधे बोलणे ऐकले जाते त्या घरात आवाज चढवण्याची वेळ कमी येते. बोलणारा वाढवतो हा दोष त्याचा. पण वाढवल्याशिवाय आपण ऐकतच नसलो, तर त्या दोषात आपलाही वाटा आहे.

देवाच्या नावाने

‘पण चांगल्या कामासाठी थोडे वाढवले तर?’ असा प्रश्न भाविकांच्या मनात येतो. प्रार्थनामेळाव्यात साक्ष देताना आजार जरा मोठा केला, त्यामुळे चार जणांची श्रद्धा वाढली, तर त्यात देवाचाच गौरव नाही का?

हा प्रश्न जुना आहे. इ. स. ४२० च्या सुमारास कॉन्सेन्शियस नावाच्या माणसाने संत ऑगस्टिन यांना असाच प्रश्न विचारला. स्पेनमध्ये एक पाखंडी पंथ आपली मते लपवून राहत होता. त्यांना उघडे पाडण्यासाठी कॅथोलिकांनी आपणही त्यांच्यातलेच आहोत असे खोटे सांगितले तर चालेल का? ऑगस्टिन यांनी ठामपणे नकार दिला. धर्माच्या गोष्टींत एकदा खोट्याला जागा दिली की आपल्या कोणत्या शब्दावर विश्वास ठेवायचा हेच ऐकणाऱ्याला कळेनासे होते, अशी त्यांची चिंता होती.

गोव्याला ज्यांचे पवित्र अवशेष आहेत त्या संत फ्रान्सिस झेवियर यांच्याविषयी अशी आख्यायिका पसरली की ते कोणतीही भाषा न शिकता बोलू शकत. त्यांची स्वतःची पत्रे वेगळेच सांगतात. १५ जानेवारी १५४४ रोजी कोचीनहून रोममधल्या बांधवांना लिहिलेल्या पत्रात ते कळवतात की किनाऱ्यावरच्या लोकांची भाषा त्यांना येत नव्हती आणि त्यांची भाषा लोकांना येत नव्हती. दोन्ही भाषा जाणणारी माणसे गोळा करून त्यांनी प्रार्थनांचे तमिळमध्ये भाषांतर करवून घेतले, त्या तोंडपाठ केल्या आणि हातात घंटा घेऊन ते मुलांना गोळा करत फिरले. बाप्तिस्मा देता देता हात थकून जात, असेही त्यांनी लिहिले आहे. आता आपणच विचार करू या. न शिकता बोलणारा संत मोठा, की पस्तिशी ओलांडल्यावर परक्या भाषेतली वाक्ये मुलासारखी घोकणारा संत मोठा? पहिल्याला आपण दुरून हात जोडू. दुसऱ्याच्या मागून आपल्याला चालता येते. आपण घातलेल्या भरीने संत मोठे होत नाहीत, ते आपल्यापासून दूर जातात.

लूर्दची हकिगत याहून बोलकी आहे. ११ फेब्रुवारी १८५८ रोजी चौदा वर्षांच्या बर्नडेटला गुहेत दर्शन झाले. सारे गाव म्हणू लागले की ती पवित्र मरियाच आहे. बर्नडेट मात्र आपल्या बोलीभाषेत तिला ‘अकेरो’ म्हणजे नुसते ‘ते’ असे म्हणत राहिली. आपल्याला जे सांगितले गेले नाही ते तिने आपल्या पदरचे घातले नाही. २५ मार्चला त्या स्त्रीने आपण निष्कलंक गर्भसंभव असल्याचे सांगितले, तेव्हा तो शब्द वाटेत घोकत घोकत तिने धर्मगुरूंपर्यंत पोहोचवला. त्याचा अर्थही तिला कळला नव्हता. अधिकाऱ्यांनी पुन्हापुन्हा उलटतपासणी केली. तिची साक्ष टिकली, कारण तिने भर घातलेली नव्हती. पुढे १८८३ साली तिथे वैद्यकीय तपासणीसाठी कार्यालय सुरू झाले. आजवर सात हजारांहून अधिक लोकांनी बरे झाल्याची नोंद केली आहे. ख्रिस्तसभेने अधिकृतपणे चमत्कार म्हणून मान्य केलेल्या घटना मात्र जेमतेम सत्तरेक आहेत. ख्रिस्तसभा बाकीच्यांना खोटे म्हणत नाही. जेवढे ठामपणे सांगता येते तेवढेच ती ठामपणे सांगते. देवाच्या गौरवाला आपल्या फुगवट्याची गरज नाही, हा तिचा विश्वास आहे.

उलट बाजूची अतिशयोक्ती

आणखी एक गोष्ट सांगितल्याशिवाय विषय पुरा होत नाही. संत थॉमस अक्वायनस यांनी बढाईविषयी लिहिल्यावर लगेच पुढे स्वतःला खोटेच कमी लेखण्याविषयी लिहिले आहे. दोन्ही गोष्टी सत्याविरुद्ध आहेत, असे त्यांचे म्हणणे. आपले चांगले गुण सगळेच्या सगळे सांगत सुटू नये, तिथे थोडे कमीच सांगावे, हे त्यांनी मान्य केले आहे, कारण स्वतःची जास्ती सांगणारा माणूस इतरांना जड होतो. पण नसलेला दोष अंगाला लावून घेणे किंवा असलेला गुण नाकारणे म्हणजे नम्रता नव्हे. ‘माझ्यासारखा पापी जगात नाही’ असे म्हणताना आपण समोरच्याने ‘छे छे!’ म्हणावे याची वाट पाहत असतो. तीही बढाईच आहे, फक्त तिने गोणपाट नेसले आहे.

प्रत्यक्षात आपण दोन मापे बाळगतो. शेजाऱ्याचा दोष मोजताना मोठे माप काढतो आणि आपला मोजताना लहान. त्याने केला तो ‘घोटाळा’, आपण केली ती ‘तडजोड’. तिची ती ‘चहाडी’, आपले ते ‘सहज बोलणे’. कुसळ आणि मुसळ यांचा दाखला प्रभूने याच दोन मापांविषयी दिला. म्हणून पापनिवेदन हा सत्य बोलण्याचा मोठा सराव आहे. तिथे पाप फुगवायचे नाही आणि लपवायचेही नाही. जे केले ते, जेवढे केले तेवढे, नाव घेऊन सांगायचे. आठवड्याचे सहा दिवस जो वाढवून किंवा कमी करून बोलतो, त्याला सातव्या दिवशी देवापुढे नेमके बोलणे कठीण जाते. जिभेला जी सवय लागते तीच हळूहळू डोळ्यांना लागते. प्रथम आपण वाढवून सांगतो, मग आपल्याला तसेच दिसू लागते.

‘अधिक’ हा शब्द

शपथेविषयी बोलताना प्रभू येशूने होय आणि नाही एवढ्यावर थांबायला सांगितले आणि त्याहून अधिक जे असते त्याचा उगम वाईटात आहे, असा इशारा दिला. हा ‘अधिक’ शब्द पेत्राला फार महागात पडला. शेवटच्या रात्री तो म्हणाला की, इतर सगळे अडखळले तरी मी अडखळणार नाही. तो खोटे बोलत नव्हता, मनापासून बोलत होता. पण त्याने स्वतःला इतरांहून अधिक मोजले होते, आणि कोंबडा आरवायच्या आत तो हिशेब चुकला. एका दासीच्या प्रश्नापुढेही तो टिकला नाही.

पुनरुत्थानानंतर समुद्रकिनाऱ्यावर न्याहारी झाल्यावर प्रभूने त्याला विचारले की, तू माझ्यावर यांच्यापेक्षा अधिक प्रेम करतोस का? पेत्राचे उत्तर नीट वाचू या. प्रेम करतो, हे तुला ठाऊक आहे, असे तो म्हणतो. ‘यांच्यापेक्षा अधिक’ हे शब्द त्याच्या उत्तरात नाहीत. जुन्या पेत्राने ते आधी उचलले असते. आता तो आपल्या प्रेमाचे माप सांगत नाही, ते प्रभूलाच ठाऊक आहे यावर विसावतो. आणि त्याच साध्या उत्तरावर प्रभूने आपली मेंढरे त्याच्या हवाली केली. आहे तेवढे प्रभूला पुरले.

हे आपल्यालाही करता येण्यासारखे आहे. या आठवड्यात घरात बोलताना ‘नेहमी’ आणि ‘कधीच’ हे शब्द ओठांवर आले तर क्षणभर थांबून काय घडले तेवढेच सांगू या. मोबाईलवर आलेला संदेश पुढे पाठवण्याआधी, हे मी स्वतः पाहिले आहे का, असे विचारू या. कुणाचे कौतुक करताना त्याने केलेले एक खरे काम सांगू या, दहा विशेषणांपेक्षा ते त्याला अधिक गोड लागेल. आणि घरातले कुणी हळू आवाजात काही सांगत असेल तर हातातले काम बाजूला ठेवून ते ऐकू या, म्हणजे त्याला ते मोठे करून सांगावे लागणार नाही.

आपल्या म्हणीत माणूस राईचा पर्वत करतो. प्रभू येशूही राई आणि पर्वत यांविषयी बोलला, पण उलट बाजूने. मोहरीच्या दाण्याएवढा विश्वास असेल तर तो पर्वत हलवतो, असे त्याने सांगितले. दाण्याने त्यासाठी मोठे व्हावे लागत नाही. तो खरा असला म्हणजे पुरे. आपला आनंद, आपले दुःख, आपला विश्वास आणि आपला पश्चात्ताप जेवढा आहे तेवढाच प्रभूपुढे आणि एकमेकांपुढे ठेवण्याचे धैर्य तो आपणा सर्वांना देवो.